विसाजी सारंगाचे तिसरे पारायण

त्र्यंबकराव पोंक्षे यांच्या घरी विसाजी सारंग तीनदा आरमारात दाखल झाला होता, तीनदा वादळात सापडला होता, तीनदा जखमी होऊन बरा झाला होता. आणि मेला मात्र एकदाही नव्हता. मरायची वेळ जवळ आली की दरवेळी काहीतरी विघ्न येई आणि विसाजी पुन्हा विशीतला होऊन गलबताच्या डोलकाठीवर चढू लागे.

हा विसाजी पोंक्ष्यांचा कुणी नातलग नव्हे. मराठ्यांच्या आरमारावरच्या एका कादंबरीमालेचा तो नायक, गलबतावरचा सारंग म्हणजे मुख्य खलाशी. लेखक कोकणातले कुणी निवृत्त मामलेदार होते. त्यांनी पहिल्यांदा लिहिली ती 'आरमाराचा सारंग'. तिच्यात विसाजी पन्नाशीचा. दुसरी 'शेवटचा नांगर'. तिच्यात तो म्हातारा होऊन मरतो. मग वाचकांची पत्रांवर पत्रे गेली असावीत, की अहो, एवढा चांगला माणूस मारून काय बसलात! तेव्हा मामलेदारसाहेब मागे गेले. तिसऱ्या पुस्तकात विसाजी तिशीचा, चौथ्यात चाळिशीचा, पाचव्यात पंचविशीचा. दरवर्षी एक, कधी दोन पुस्तके निघत आणि विसाजी कोणत्या वयाचा होऊन येईल याचा नेम नसे.

साऱ्या कल्याणात याचे कुणाला काही वाटले नाही. वाटले ते एकट्या त्र्यंबकरावांना.

त्र्यंबकरावांनी तीस वर्षे कल्याण बंदरावर कारकुनी केली होती. खाडीतून कोणता पडाव, म्हणजे मालाची होडी, कोणत्या भरतीला लागला, कोणता कोणत्या ओहोटीला सुटला, हे नोंदवायचे काम. आधी आलेला आधी, मागून आलेला मागून. यात एक ओळ इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. नोकरी संपली, पाठोपाठ पत्नी गेली, आणि मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. डोक्यातली ती वही मात्र उघडीच राहिली.

तेव्हापासून त्यांची मुलगी सरोज रोज संध्याकाळी साडेपाच ते सात त्यांना वाचून दाखवी. सरोज छत्तीस वर्षांची. गावातल्याच मुलींच्या शाळेत अकरा वर्षे शिकवत होती. लग्न झाले नव्हते. का झाले नव्हते, हे विचारायचे लोकांनी आता सोडून दिले होते. शाळेतून आली की ती पाय धुई, चहा टाकी, आणि ओटीवर बाबांच्या आरामखुर्चीशेजारी स्टुलावर बसून पुस्तक उघडी.

पहिल्यांदा तिने पुस्तके निघाली त्या क्रमाने वाचायला घेतली. पन्नाशीच्या विसाजीच्या भुवईवरच्या वाराचा उल्लेख आला आणि बाबा खुर्चीत ताठ झाले.

"हा वार कधी झाला?"

"ते पुढच्या कुठल्यातरी पुस्तकात असेल, बाबा."

"पुढच्या? वार आधीचा आणि पुस्तक पुढचं? आधी लागलेला पडाव मागून नोंदवायचा, ही कुठली रीत? बंद कर ते. सगळी पुस्तकं सालवार लाव, आणि विसाजीच्या तरुणपणापासून सुरू कर."

सरोजने सालवार यादी केली. येथवर काहीच बिघडले नव्हते. बिघडले ते पुढे, कारण त्र्यंबकराव जसे बंदरावरचे कारकून होते, तसेच नेमाने पोथी वाचणारे गृहस्थही होते. पोथीच्या पारायणाचा नियम असा, की ते मध्ये तुटता कामा नये. खंड पडला तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून. तरुणपणी एकदा सात दिवसांच्या पारायणाच्या सातव्या दिवशी चुलतभावाला मुलगा झाल्याची तार आली. घरात सोयर आले. त्र्यंबकरावांनी पोथी मिटली, दहा दिवस वाट पाहिली आणि पहिल्या ओवीपासून पुन्हा आरंभ केला. ही गोष्ट ते अजून अभिमानाने सांगत.

तोच नियम त्यांनी विसाजीला लावला. पाच पुस्तकांपैकी चार वाचून झाली, शेवटचे उघडायचे, तो सहावे निघाले. त्यात विसाजी बावीस वर्षांचा. झाले! "पहिलाच अध्याय राहिला की," बाबा म्हणाले, "पहिल्यापासून घे." दुसऱ्या खेपेला सात झाली. पुन्हा शेवटच्या पुस्तकाशी येऊन गाडे अडले, आणि पुन्हा नवे निघाले. तिसरी खेप गेल्या कार्तिकात सुरू झाली, तेव्हा पुस्तके नऊ होती. आता चैत्र संपत आला होता. आठ पुस्तके वाचून झाली होती आणि उरले होते फक्त 'शेवटचा नांगर'.

भांडी घासायला येणारी रंगूबाई मोरीतून तीन खेपा ऐकत आली होती. परवाच तिने राख लावलेला हात थांबवून विचारले, "ताई, ह्यो इसाजी अजून मेला न्हाय का वो?"

"नाही, रंगूबाई."

"लई चिवट हाय म्हातारा," रंगूबाई म्हणाली. तो शेरा विसाजीवर होता की ओटीवरच्या माणसावर, हे सरोजने विचारले नाही.

या खेपेला मात्र विसाजीचे मरण नुसते लांबणीवर टाकण्याजोगे राहिले नव्हते. सरोज बी.ए. होती, पण शिक्षकाची परीक्षा झालेली नव्हती. पुण्याच्या बी.टी. कॉलेजात एक वर्षासाठी तिला जागा मिळाली होती. शाळा तिला रजा द्यायला तयार होती. अकरा वर्षे वर्गात उभे राहून तिला एवढे कळले होते, की आपण शिकवतो ते चाळिसांतल्या तिसांना समजते. उरलेल्या दहांना का समजत नाही, हे मात्र कळत नव्हते. त्या दहा चेहऱ्यांनी तिला फार थकवले होते. पुण्याला कुणीतरी ते सांगेल, अशी तिची समजूत होती.

बाबांची व्यवस्था तिने मनाशी लावली होती. समोरच्या शकूमावशी दोन वेळचा डबा देणार होत्या, रंगूबाई पाण्याचे बघणार होती, दिवाळीत नागपूरचा भाऊ येणार होता. राहिली होती ती बाबांची परवानगी. त्यांनी नाही म्हटले नव्हते. ते म्हणाले होते, "पारायणाची समाप्ती होऊ दे. मग खुशाल जा. मध्येच सोडून जाऊ नकोस म्हणजे झालं."

सोमवारी संध्याकाळी शाळेतून परस्पर ती 'शेवटचा नांगर' आणायला वाचनालयात गेली. ग्रंथपाल गुरुदत्त हा तिच्या वर्गातल्या मुलींचा गुरुदत्तकाका. चाळिशीचा, बारीक, आणि गंभीर चेहऱ्याने थट्टा करणारा. तिला बघताच त्याने टेबलावर एक कोरे करकरीत पुस्तक पालथे ठेवले.

"सरोजताई, पेढे द्या. मुलगा झाला."

"कुणाला?"

"मामलेदारांना. आजच पार्सल आलंय." त्याने पुस्तक उलटे केले. 'बाळ विसाजी.' मुखपृष्ठावर होडीत बसलेला आठ-नऊ वर्षांचा पोर.

सरोज मागच्या बाकावर बसली. तिला राग आला नाही, रडू आले नाही. भर उन्हात स्टेशनवर पोचावे आणि गाडी सुटलेली दिसावी, तेव्हा माणूस जसा आधी हातातली पिशवी खाली ठेवतो, तशी तिने पिशवी खाली ठेवली.

"पहिल्याच पानावर जन्मतोय," गुरुदत्त म्हणाला. "म्हणजे याच्या आधीचं आता काही निघायचं नाही. आजोबांवर लिहायला घेतलं तर गोष्ट निराळी."

"गुरुदत्त, बाबांना सांगू नका."

थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून उतरली. "मी कशाला सांगेन? पण पुस्तकाला पहिला नंबर हरिहरकाकांचा आहे. शुक्रवारी ते नेणार. आणि हरिहरकाकांच्या पोटात काय राहतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

हरिहरकाका म्हणजे बाबांचे बालमित्र. दर शुक्रवारी ते बाबांकडे गप्पांना येत.

"मला 'शेवटचा नांगर' द्या," सरोज म्हणाली. "पानं किती आहेत?"

"दोनशे बारा."

सोमवार ते गुरुवार, चार दिवस. दिवसाला त्रेपन्न पाने. एरवी ती पंचवीस वाची.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सुमतीबाईंनी तिला बोलावले. सुमतीबाईंच्या टेबलावर परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे होते, आणि त्यांचा आवाज बसलेला होता.

"पुण्याचं पत्र आलंय. शनिवारपर्यंत होकार गेला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देतील, आणि मग मी आपल्या नव्या शिक्षिकेचं, उत्तराचं, नाव पाठवीन. ती चोवीस वर्षांची आहे, तिला पुढच्या वर्षीही मिळेल. तुझं काय ते तू बघ. अडलंय कुठे? बाबा नको म्हणतात?"

"नको नाही म्हणत."

"मग?"

सरोजने सांगितले. सुमतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला हे नीट समजू दे. कादंबरीतला एक माणूस मरत नाही म्हणून माझी शिक्षिका बी.टी. होत नाही?"

ऐकताना सरोजलाही ते तसेच वाटले. पण घरात राहणाऱ्याला घरातल्या गोष्टी अशा एका वाक्यात दिसत नाहीत.

सोमवारी तिने पन्नास पाने ओढली होती. मंगळवारी घसा बसला. बुधवारी तिने ठरवून चार पाने गाळली. गलबतावर सामानसुमान भरल्याचे लांबलचक वर्णन होते. तिने आवाजात फरक पडू न देता पान उलटले, आणखी एक उलटले, आणि थेट खुल्या समुद्रात शिरली. दहाबारा ओळी झाल्या असतील.

"थांब," बाबा म्हणाले. "पिंपं भरली का?"

"कसली पिंपं?"

"पाण्याची. बंदर सोडून आठ दिवस झाले म्हणतेस, आणि पाणी भरल्याचं काही तू वाचलं नाहीस. विसाजी सारंग पाण्यावाचून निघेल? सगळी माणसं तहानेनं मेली असती एव्हाना."

सरोजने पाने मागे घेतली आणि पिंपे भरली. एकोणीस पिंपे होती. शिवाय तांदूळ, सुकी मासळी आणि दोर. वाचता वाचता शब्द तिच्या डोळ्यांपुढे हलू लागले. ओटीच गलबतासारखी डुलते आहे असे तिला वाटले.

"आज लवकर लवकर वाचते आहेस," बाबा म्हणाले. "कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

"मग बस करू या आज. माझाही कान जरा दुखतोय."

हेच ते. या खेपेला शेवटचे पुस्तक जवळ येऊ लागल्यापासून बाबांचा कान दुखे, पोट बिघडे, उपासाने थकवा येई. सरोजने आजवर ते खरे धरले होते. त्या दिवशी पुस्तकात खूण घालताना प्रथमच तिच्या मनात आले, की हा कान नेमका याच पुस्तकाला का दुखतो?

गुरुवारी वर्गात परीक्षेपूर्वीची उजळणी होती. पाचवीच्या मुली उकाड्याने पेंगुळल्या होत्या. शीला नावाची एक मुलगी मात्र टक्क जागी होती, कारण तिच्या बाकाखाली पुस्तक होते. सरोज मागून जाऊन उभी राहिली. विसाजीचाच एक भाग होता.

"आण इकडे."

शीला उभी राहिली. ही त्या दहांतली. गणितात कच्ची, इतिहासाची साले हटकून चुकणारी.

"कितवं वाचते आहेस हे?"

"सातवं, बाई."

"कुठल्या क्रमानं वाचतेस?"

"गुरुदत्तकाका देतील त्या," शीला म्हणाली. रागावणे नाही हे ओळखून तिची भीड चेपली. "मी सगळ्यांत आधी शेवटचं वाचलं. त्यात मेलाच तो! मी एवढी रडले, बाई, रात्री जेवलेसुद्धा नाही. आई म्हणाली, वाचनालय बंद. मग पुढच्या आठवड्यात दुसरं मिळालं, तर त्यात हा तरुण, आणि सरसर काठीवर चढतोय. मला इतकं बरं वाटलं!"

"पण गोंधळ होत नाही? आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं?"

"होतो. मग मी त्याच्या भुवईवरचा वार बघते. वार असला की नंतरचं, नसला की आधीचं." ती जरा थांबली. "आणि तो आता मरणार आहे का, अशी भीतीच वाटत नाही, बाई. ते होऊन गेलंय ना."

सरोजने पुस्तक तिला परत दिले. साले पाठ होत नाहीत म्हणून जिला आपण कच्ची म्हणत आलो, तिने सहा पुस्तकांचा काळ एका वारावरून लावला होता, आणि ते तिला कुणी शिकवले नव्हते. अकरा वर्षांत अशा कुणालाच असे काही विचारायचे आपल्याला सुचले नाही. खडू लागलेला हात पदराला पुसत सरोज फळ्याकडे वळली. पुण्याला जायचेच, असे तिने त्या क्षणी ठरवले असे नाही. पण न जाणे किती महाग पडेल, ते तिला तेव्हा स्पष्ट दिसले.

त्या संध्याकाळी बाबा कानाला कापूस लावून बसले होते. वाचन झालेच नाही.

शुक्रवारी हरिहरकाका आले ते ओटीच्या पायरीपासूनच ओरडत. सत्तरीचे, गोल, आणि बातमी हातात धरून चालणारे. त्यांचा मुलगा जवळच्या मोहने गावच्या कारखान्यात होता. त्याने आणून दिलेली नवी कापडी पिशवी त्यांनी खांद्याला लावली होती आणि पिशवीत पुस्तक होते.

"त्र्यंबका! सोयर आलं रे सोयर! तुझा विसाजी जन्मला!"

सरोज आत चहा गाळत होती. ती दारात आली. हरिहरकाका पिशवीतून 'बाळ विसाजी' काढून बाबांच्या हातांत देत होते. बाबा त्यावरून बोटे फिरवत होते, पुठ्ठ्यावरून, कडांवरून, नव्या पानांवरून. आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

कित्येक महिन्यांत सरोजने तो चेहरा असा पाहिला नव्हता. म्हणूनच तो तिला लागला. बातमी ऐकून बाबा हळहळले असते, अरे अरे, आता पोरीचं कसं, असे एकदा जरी म्हणाले असते, तरी ती कदाचित पुन्हा पहिले पान उघडून बसली असती.

"ऐकलंस का, सरोज?" बाबा म्हणाले. "जन्मापासूनचंच आलं. आता खरा आरंभ सापडला. 'नांगर' ठेवून दे बाजूला. पहिल्यापासून घेऊ."

"नाही, बाबा."

"नाही म्हणजे?"

"मी पहिल्यापासून घेणार नाही."

हरिहरकाका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. "मी काही वावगं बोललो का ग, पोरी?"

"नाही, काका. चहा घ्या."

"खंड पडलेलं पारायण पुढे रेटायचं?" बाबांचा आवाज चढला. "आपल्या घरात असं कधी झालं नाही."

"ही पोथी नाही, बाबा. ही गोष्ट आहे. आणि सोयर दहा दिवसांचं असतं, इथं चार वर्षं झाली. उद्या शनिवार. उद्या मी पुण्याला होकार कळवणार आहे. आज तुम्हाला शेवटचं प्रकरण वाचून दाखवते."

"मधली पानं?"

"मधली राहतील."

"मला ऐकायचं नाही."

"नका ऐकू. मी वाचते."

हरिहरकाकांनी चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला, पुस्तक बाबांच्या मांडीवर तसेच ठेवले, आणि "मी उद्या येतो रे," म्हणत वहाणा सरकवल्या.

सरोज स्टुलावर बसली. तिचे पाय दुखत होते, घसा खरखरत होता. तिने शेवटचे प्रकरण उघडले आणि वाचू लागली. भरभर नाही, आणि मुद्दाम सावकाशही नाही.

विसाजी म्हातारा झाला आहे. एका लहानशा खाडीच्या काठी मुलाच्या घरी राहतो आहे. जमीन हलत नाही म्हणून त्याला झोप येत नाही. तो म्हणतो, मला माझ्या जुन्या गलबतात नेऊन निजवा. गलबत किनाऱ्यावर ओढून ठेवलेले, फळ्या निखळलेले. मुलगा आणि शेजारी त्याची बाज उचलून त्यात ठेवतात. अष्टमीच्या पहाटे भरतीचे पाणी चढत चढत गलबताच्या तळाशी येते, आणि गलबत बोटभर, फक्त बोटभर उचलले जाते. विसाजीला ते कळते. तो डोळे मिटतो. एवढेच होते.

सरोजने पुस्तक मिटले. मोरीत रंगूबाईचे भांडे वाजायचे थांबले होते.

"अष्टमीला एवढी भरती येत नाही," बाबा म्हणाले. "लेखकाचं चुकलंय. पाणी तिथवर पोचणारच नाही. तेव्हाही मला हेच वाटलं होतं."

सरोजने मान वर केली. "तेव्हाही म्हणजे?"

बाबांनी मांडीवरच्या नव्या पुस्तकावर हात ठेवला. "सत्तेचाळीस साली. भिंग लावून वाचलं होतं. डोळे जाण्याच्या आधी."

"म्हणजे तुम्हाला शेवट ठाऊक होता."

"होता."

"मग मला तीनदा फिरवलंत कशाला?"

तिला राग यायला हवा होता. पण रागालाही थोडी ताकद लागते, आणि तेवढी ती त्या संध्याकाळी उरली नव्हती. ती नुसती उत्तराची वाट बघत राहिली, वर्गात एखाद्या मुलीला वेळ द्यावा तशी.

"डोळे नसले की संध्याकाळ फार मोठी होते, सरोज," बाबा म्हणाले. "सकाळ कशीही जाते. दुपारी झोप लागते. संध्याकाळी तू येऊन बसतेस, तेवढंच. पुस्तकं संपली की तू काय वाचणार? आणि कशाला बसणार? पहिल्या खेपेला खरंच क्रमाचं होतं ते. खोटं नाही सांगत. दुसऱ्या खेपेला मला बरं वाटलं. आणि यंदा..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

"यंदा कान दुखायला लागला."

"हो."

मोरीतून रंगूबाई पदराला हात पुसत दारात आली. "मेला का वो शेवटी?"

"मेला," सरोज म्हणाली.

"सुटला बिचारा," असे म्हणून रंगूबाईने नाक शिंकरले आणि ती घागर घेऊन गेली.

त्यानंतर बाबा पुष्कळ वेळाने म्हणाले, "उद्या देऊन टाक होकार." आणि पुन्हा काही वेळाने, "पुण्याला थंडी असते. घोंगडी ने."

हे उदार मनाने म्हटले होते असे नव्हे. त्यांचा चेहरा उतरलेलाच होता, आणि रात्री जेवताना ते आमटी अळणी आहे म्हणून कुरकुरलेही. पण म्हणाले, आणि सरोजने ते जसे होते तसे घेतले. शनिवारी सकाळी तिने होकाराचे पत्र सुमतीबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले, घडी घातली, आणि विचारले, "मेला का तो?" सरोजने मान डोलावली. सुमतीबाईंनी पाकिटावर तिकीट लावले.

जून लागला. निघायच्या आदल्या संध्याकाळी सरोज आतल्या खोलीत वळकटी बांधत होती. ओटीवर हरिहरकाका स्टुलावर बसले होते, नाकावर चष्मा, हातात 'बाळ विसाजी'. आता दर संध्याकाळी आपण येऊ, असे त्यांनी कबूल केले होते. माणूस दिलाचा मोठा, पण वाचनाची सवय मुळीच नव्हती. बोट ओळीवर ठेवून ते एकेक शब्द खणून काढत होते. स्वल्पविराम आला की पुढे पळत आणि पूर्णविराम आला की तो ओलांडून जात. गुराब या जहाजाला त्यांनी तीनदा गुलाब म्हटले.

"गुलाब नव्हे रे, गुराब! गुराब!" बाबा ओरडले. "दोन डोलकाठ्यांची असते ती. गुलाबाला काठ्या असतात का?"

"काटे असतात," हरिहरकाका म्हणाले. "तू गप बस. मला वाचू दे."

"वाचतोस कुठे? अडखळतोस. मागची ओळ पुन्हा घे. सरोज! अगं सरोज, हा बघ काय वाचतोय!"

सरोजने वळकटीवर गुडघा टेकून दोरी आवळली. चूक कानावर पडली की तोंड आपोआप उघडण्याची तिला अकरा वर्षांची सवय होती. हे पुस्तक तिने उघडलेही नव्हते, पण गुराब म्हणजे काय ते तिला ठाऊक होते. तिने ओठ मिटून घेतले आणि दोरीला दुसरी गाठ मारली.

मग हरिहरकाकांनी बोट मागे नेले, घसा खाकरला, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.